पारा तेरावर का अडला? चाकांवरच्या एका छोट्या घराचं प्रकरण

पोलादी सांगाड्यावर, चाकांवर उभं केलेलं लाकडी घर. बाहेरून लांबी ७ मीटर, रुंदी २.४ मीटर, सरासरी उंची ३ मीटर. आत वावरायला जेमतेम १४ चौरस मीटर आणि वर झोपण्यापुरता माळा. राहणारी माणसं दोन, आणि दोघांचंही काम घरूनच चालतं. हिवाळ्यात बाहेरचं सरासरी तापमान ० अंश सेल्सिअस, कडाक्याच्या रात्री उणे १०. दीड किलोवॅटचा विजेचा हीटर दिवसरात्र चालू असतो. तरी थंडी वाढली की आतला पारा तेरावर अडतो. खिडक्यांवरून पाणी ओघळतं. माळ्यावर गादी उचलली तर खालच्या फळीवर काळे ठिपके दिसतात. संध्याकाळी काम भागावं म्हणून चार तास गॅसचा सुटा हीटर लावतात. त्याला धुराडं नाही.

ही मापं कुणा एका मालकाच्या घराची नाहीत. अशा घरांत नेहमी दिसणारी मापं घेऊन प्रकरण मांडलं आहे. हेतू इतकाच की प्रत्येक आकडा वाचणाऱ्याला तपासता यावा आणि स्वतःच्या घराची मापं घालून तीच आकडेमोड पुन्हा करता यावी.

अशा घरात राहणाऱ्यांना पहिला सल्ला ठरलेला मिळतो: हीटर लहान पडतोय, मोठा घ्या. त्या सल्ल्याने पारा चढेल, यात शंका नाही. खिडक्यांवरचं पाणी मात्र तसंच राहील आणि वीज जास्त जळेल. म्हणून आधी उष्णता कुठून जाते ते पाहू आणि मग, या घरात त्याहून महत्त्वाचा प्रश्न, पाणी कुठून येतं.

उष्णतेचा हिशेब

लहान घर तापवायला सोपं, ही समजूत अर्धीच खरी आहे. एकूण उष्णता कमी लागते हे बरोबर, पण दर चौरस मीटर जमिनीमागे ती बरीच जास्त लागते. या घराच्या भिंती, छप्पर आणि तळ मिळून ९० चौरस मीटर पृष्ठभाग थंडीला तोंड देतो. बाहेरच्या मापाने जमीन आहे १६.८ चौरस मीटर. म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ५.४ चौरस मीटर थंड पृष्ठभाग. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद, ६ मीटर उंच अशा दुमजली घरात हाच आकडा २.३५ येतो. त्यात छोट्या घराच्या भिंती पातळच असणार, कारण रस्त्यावरून न्यायचं म्हणजे बाहेरून रुंदीला मर्यादा आणि आतून प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा.

भिंतीची रचना अशी: ८९ मिलिमीटर खोलीच्या उभ्या लाकडी पट्ट्या, मधल्या पोकळीत खनिज लोकर, दोन्ही बाजूंनी फळ्या. लोकर भरलेल्या भागातून दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंश फरकामागे, सुमारे ०.३७ वॅट बाहेर जातात. लाकडी पट्टी असेल तिथून ०.९७ वॅट. खिडक्या-दारांभोवती पट्ट्या दाट होतात, त्यामुळे लहान घराच्या भिंतीत लाकडाचा वाटा सहज चौथ्या हिश्शावर पोचतो. सरासरी काढली की ०.५२ येतात. म्हणजे एक चतुर्थांश भिंत जवळजवळ निम्मी उष्णता बाहेर पाठवते. लोकरीच्या वेष्टनावर छापलेला आकडा फक्त लोकरीचा असतो, भिंतीचा नसतो. घर विकत घेताना हा फरक कुणी आपणहून सांगत नाही.

आता सगळ्या घराचा हिशेब. आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना किती वॅट जातात ते असं:

भिंती ४८.६ चौरस मीटर: २५.३
खिडक्या ६ चौरस मीटर (दुहेरी काच, पण अ‍ॅल्युमिनियमची साधी चौकट): २१
फटींतून जाणारी हवा: १२.५
तळ १६.८ चौरस मीटर: ११.८
छप्पर १६.८ चौरस मीटर: ५.४
दार: ३.६

बेरीज ८० वॅटच्या आसपास. बाहेर उणे १० आणि आत २० हवे असतील तर फरक ३० अंशांचा, म्हणजे २,४०० वॅट लागणार. घरात येतात किती? हीटरचे १,५००, दोन माणसांच्या अंगचे सुमारे २००, फ्रिज-संगणक-दिव्यांचे १५०. एकूण १,८५०. त्याला ८० ने भागलं की २३ येतात. उणे १० च्या वर २३ अंश चढलं की तेरा. पारा नेमका तिथेच का अडतो याचं उत्तर या भागाकारात आहे. हीटर बिघडलेला नाही.

हा भागाकार उलटा करून कुणालाही आपल्या घराचा आकडा काढता येतो. वारा नसलेली रात्र निवडायची. सॉकेटला लावायचा वीजमापक घ्यायचा, एक थर्मामीटर आत आणि एक बाहेर ठेवायचा. तापमान स्थिर झालं की पहाटेचे तीन-चार तास हीटरने सरासरी किती वॅट घेतले ते पाहायचं, त्यात माणसांचे आणि उपकरणांचे वॅट मिळवायचे आणि तापमानातल्या फरकाने भागायचं. उन्हाचा परिणाम नसावा म्हणून वेळ रात्रीची. येणारा आकडा प्रयोगशाळेचा नसला तरी दुरुस्तीच्या आधी आणि नंतर तो काढला तर केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही हे स्पष्ट कळतं. मला विचाराल तर एवढं केल्याशिवाय कुठल्याही सामानावर खर्च करू नये.

पाण्याचा हिशेब

मोठ्या घरात ओलावा हा दुय्यम प्रश्न असतो. ३८ घनमीटर हवेच्या घरात तोच मुख्य प्रश्न होतो. २० अंशांची हवा दर घनमीटरला जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम वाफ धरते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के धरली तर १०.४ ग्रॅम, म्हणजे या अख्ख्या घरातल्या हवेत मिळून पाणी जेमतेम ४०० ग्रॅम. उलट बाजूला दोन माणसं श्वासातून आणि त्वचेतून दिवसाला दोनेक लिटर वाफ सोडतात. स्वयंपाक, आंघोळ, भांडी आणि आत वाळत घातलेले कपडे धरले तर चार लिटर सहज होतात. घरातली हवा एका वेळी जेवढं पाणी धरते त्याच्या दहापट पाणी रोज तयार होतं आणि ते कुठून तरी बाहेर जावंच लागतं.

आता संध्याकाळचा तो गॅसचा हीटर. प्रोपेन जळताना दर किलोमागे १.६ किलो पाणी तयार होतं. हे रसायनशास्त्र आहे, हीटर कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी त्यातून सुटका नाही. दोन किलोवॅटचा हीटर तासाला साधारण १५० ग्रॅम प्रोपेन जाळतो, म्हणजे तासाला पाव लिटर पाणी खोलीत सोडतो. चार तासांत एक लिटर. धुराडं नसल्यामुळे ते सगळं आतच राहतं. रात्री गॅस बंद होतो, घर थंड होत जातं. ६० टक्के आर्द्रतेची २० अंशांची हवा तेरावर उतरली की तीच वाफ ९२ टक्के आर्द्रता दाखवते. खिडकीच्या काचेची आतली बाजू त्याहून थंड असते, तिथे पाणी सुटतं. संध्याकाळची ऊब आणि सकाळची ओल ही एकाच हीटरची देणगी आहे.

ओल एक वेळ पुसता येते. धुराड्याविना जळणाऱ्या हीटरचा खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. ३८ घनमीटर हवेत प्राणवायू लवकर घटतो, ज्वलन अपुरं होतं आणि वास-रंग नसलेला हा वायू झोपेत जीव घेतो. त्यामुळे इथे चर्चा करण्यासारखं काही नाही: तो हीटर घराबाहेर गेला पाहिजे. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ बसवायचा आणि स्वयंपाक गॅसवर होत असेल तर तो कायमचा ठेवायचा.

बुरशीबद्दल एक गैरसमज आहे की ती पाणी दिसतं तिथेच धरते. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांवर बराच काळ राहिली की तिला पुरतं, थेंब दिसावा लागत नाही. खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १५ अंशांच्या आसपासचा कुठलाही कोपरा बुरशीला चालतो. गादीखाली नेमकं तेच घडतं. गादी स्वतः चांगली उष्णतारोधक, त्यामुळे तिच्याखालची फळी खोलीच्या उबेपासून तुटते. झोपलेल्या माणसाच्या अंगची वाफ मात्र गादीतून खाली उतरत राहते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलं तर त्याच्या पाठीमागेही हेच होतं. उपाय साधा आहे: गादीखाली फटी ठेवलेल्या पट्ट्यांचा पाट, आणि कपाट भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे.

फटी बुजवायच्या आधी

इथे कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो, आणि तो बहुतेक जण उलटा लावतात. थंडीने हैराण झालेला माणूस आधी फटी बुजवतो. कामही स्वस्त, फरकही त्याच रात्री जाणवतो. पण या घरात फटीच एकमेव वायुवीजन आहे.

हवाबंदपणा मोजण्यासाठी दारात पंखा बसवून ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते पाहतात. या घराचा आकडा २० धरला आहे. तो २० ने भागला की रोजच्या परिस्थितीचा ढोबळ अंदाज मिळतो: तासाला एकदा, म्हणजे ३८ घनमीटर. अशा सगळ्या फटी एके ठिकाणी गोळा केल्या तर २० सेंटिमीटर बाजूचं चौकोनी भोक होईल, हिवाळाभर उघडं. जर्मनीत सुरू झालेल्या पॅसिव्हहाउस मानकात हाच आकडा ०.६ च्या आत लागतो. इतक्या लहान घरात त्यासाठी फटींची एकूण बेरीज साडेतीन सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाएवढी ठेवावी लागेल. मोठ्या घरात तोच आकडा गाठणं कितीतरी सोपं, कारण तिथे हवा जास्त आणि त्या मानाने पृष्ठभाग कमी. छोट्या घराने त्या आकड्याचा ध्यास घेऊ नये. इथे लक्ष्य ६ धरू.

बुजवल्यावर काय होईल ते पाहा. तासाला ३८ घनमीटरऐवजी ११ घनमीटर हवा बदलेल. रोजचे चार लिटर म्हणजे तासाला १६७ ग्रॅम पाणी. बाहेरच्या थंड हवेत दर घनमीटरला सुमारे ४ ग्रॅम वाफ आधीच असते. ११ घनमीटर हवेने १६७ ग्रॅम बाहेर न्यायचं तर आतल्या हवेत दर घनमीटरला १८-१९ ग्रॅम वाफ हवी. २० अंशांची हवा धरूच शकते १७.३. उरलेलं पाणी काचेवर, चौकटीवर, फळ्यांत, गादीत. म्हणजे फक्त फटी बुजवल्या तर घर उबदार होईल आणि सडायला लागेल.

न बुजवलेलं घर तरी ठीक आहे का? तेही नाही. फटींतून येणारी हवा वाऱ्याच्या मर्जीवर असते. सोसाट्याच्या रात्री गरजेच्या दुप्पट थंड हवा आत घुसते आणि अंग गारठतं. शांत रात्री, धुकं असताना, निम्मी हवादेखील बदलत नाही. तेव्हा दोन माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड २,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २,००० भाग) वर जातो, सकाळी डोकं जड होतं आणि दोष थंडीला दिला जातो.

दोन माणसांना मिळून तासाला ५५ घनमीटर ताजी हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड १,१०० पीपीएमच्या आत राहतो आणि आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. पण ही हवा साध्या पंख्याने बदलली तर दर अंशामागे १८ वॅट जातील, फटींपेक्षाही जास्त. म्हणून उष्णता परत मिळवणारं वायुवीजन. लहान घरासाठी यातला सोयीचा प्रकार म्हणजे भिंतीतून आरपार जाणाऱ्या दोन नळ्या. प्रत्येकीत सिरॅमिकचा जाळीदार ठोकळा आणि लहान पंखा. एक मिनिटाच्या आसपास एक नळी हवा बाहेर फेकते, दुसरी आत घेते, मग दोघी दिशा बदलतात. बाहेर जाणारी हवा ठोकळा तापवते, आत येणारी हवा त्याच ठोकळ्यावरून गरम होऊन येते. जाहिरातीत ८५-९० टक्के उष्णता परत मिळते असं लिहिलेलं असतं. हिशेबात ७५ धरावेत. मग नुकसान दर अंशामागे ४.५ वॅट राहतं आणि पंखे वीज खातात ती मोजक्या वॅटची. दोन्ही नळ्या एकमेकींच्या उलट दिशेने चालल्या पाहिजेत, नाहीतर घरात दाब चढतो-उतरतो आणि हवा पुन्हा फटींतूनच वाट काढते. एक नळी न्हाणीघराच्या बाजूला, दुसरी दूरच्या टोकाला. माळ्यावर उशाशी बसवू नये. पंख्याचा आवाज कमी असला तरी दिशा बदलताना झोप चाळवते.

नळ्या बसेपर्यंतचे आठवडे कसे काढायचे? ओलावा शोषणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर. त्याची बदनामी विनाकारण आहे. एक लिटर वाफेचं पाणी होताना ०.६८ किलोवॅट-तास उष्णता सुटते आणि ती खोलीतच राहते. यंत्राने खाल्लेली वीजही उष्णताच होते. दिवसाला तीन लिटर पाणी काढलं तर साध्या हीटरला तेवढीच वीज देऊन मिळाली असती त्यापेक्षा दोन किलोवॅट-तास उष्णता जास्त मिळते. फक्त घर फार थंड असेल तर कॉम्प्रेसरवाल्या यंत्रावर बर्फ धरतो. पंधरा अंशांच्या खाली शोषक चकतीवालं यंत्र बरं.

यानंतर फटी. न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा चालू करायचा, दारं-खिडक्या बंद, आणि उदबत्तीचा धूर कडेकडेने फिरवायचा. धूर आत ढकलला जातो तिथे फट. नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत: तळ आणि भिंत मिळते तो सांधा, तळातून वर येणारे पाण्याचे नळ आणि वायरी, खिडकीची चौकट आणि भिंत यांतली पोकळी, छपराचा कणा. बारीक फटींना सीलंट, मोठ्यांना फोम, दाराला रबरी पट्टी. छताच्या कण्याकडे विशेष लक्ष द्यावं. गरम दमट हवा वर चढते, तिथून बाहेर पडताना छपराच्या थंड फळीवर पाणी सोडते आणि ते वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

तळ आणि खिडक्या

तळाचं दुखणं पोलादाचं आहे. पोलादातून उष्णता लाकडापेक्षा काही शे पटींनी सहज वाहते. सांगाड्याच्या आडव्या तुळयांमध्ये ७५ मिलिमीटर फोमच्या पाट्या बसवलेल्या आहेत, पण तुळया त्यांना वळसा घालून थेट लाकडी जमिनीला टेकतात. त्यामुळे पाट्यांच्या हिशेबाने दर चौरस मीटरला, दर अंशामागे, ०.४ वॅट यायला हवे तिथे ०.७ येतात. दोन पाट्यांच्या मध्ये अजून जाड काही कोंबून उपयोग नाही. पोलादाच्या खालून सलग थर हवा. ५० मिलिमीटर पीआयआर (कडक, उष्णतारोधक प्लास्टिकचा) फोम, सांधे टेपने बंद, खालून उंदरांपासून आणि उडणाऱ्या पाण्यापासून वाचवणारा पत्रा. आकडा ०.७ वरून ०.२८ वर येतो आणि दर अंशामागे ७ वॅट वाचतात. हे काम गाडीखाली पाठीवर झोपून करावं लागतं. कडाक्याच्या थंडीत ते होत नाही, म्हणून पावलं गारठणं आधी कमी करायचं तर घराभोवती जमिनीपर्यंत पाट्यांचा घेर लावावा, म्हणजे खालून वाहणारा वारा थांबतो. घेर लावला की आतल्या मातीवर प्लास्टिकची चादर अंथरायची, नाहीतर जमिनीतला ओलावा तळात शिरतो. काही जण गवताचे भारे रचतात. ते भिजतात, कुजतात आणि उंदरांना घर मिळतं. मी त्या वाटेला जाणार नाही.

घेराने पाण्याच्या नळांनाही आडोसा मिळतो. तरी उणे १० ला तेवढ्यावर विसंबू नये. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं आणि नळ फुटल्याचं कळतं ते बर्फ वितळल्यावर. उघड्या नळाला तापणारी विजेची पट्टी, तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन.

खिडक्या पृष्ठभागाचा पंधरावा हिस्सा, गळतीचा चौथा. चांगल्या चौकटीच्या, उष्णता परावर्तित करणारा लेप आणि आर्गॉन भरलेल्या दुहेरी काचा बसवल्या तर दर चौरस मीटरचा ३.५ चा आकडा १.३ च्या जवळ येतो. पण सगळ्या खिडक्या बदलणं मोठं काम आहे, आणि काचा जड असतात. चाकांवरच्या घरात वजनही मोजून वाढवावं लागतं. मधला मार्ग म्हणजे आतून आणखी एक पारदर्शक थर: ॲक्रिलिकची पाटी चुंबकी पट्टीने, किंवा गरम हवेने ताणून बसणारी फिल्म. आकडा २.२ पर्यंत उतरतो, दर अंशामागे जवळजवळ ८ वॅट वाचतात. एकच अट: हा आतला थर कडेने पूर्ण बंद हवा. फट राहिली तर खोलीतली दमट हवा मध्ये शिरते आणि दोन काचांमध्ये पाणी धरतं, जे पुसताही येत नाही. जाड पडद्यांचंही तेच. पडदा कडेने सुटा असेल तर त्यामागची काच अधिक थंड होते आणि अधिक ओघळते.

चाकांवरच्या घराला एक सवलत आहे जी पक्क्या घराला नाही: ते फिरवता येतं. मोठ्या खिडक्यांची बाजू हिवाळ्यातल्या दुपारच्या सूर्याकडे करायची. स्वच्छ दिवशी उभ्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरवर दोन-तीन किलोवॅट-तास ऊन पडू शकतं. त्याच काचेतून चोवीस तासांत, २० अंशांच्या फरकाला, एकच्या आसपास किलोवॅट-तास बाहेर जातो. म्हणजे उन्हातली खिडकी घर तापवते आणि सावलीतली थंड करते. घर उभं करण्यापूर्वी एक दुपार त्या जागेवर सावल्या बघण्यात घालवली तर तो वेळ सत्कारणी लागला म्हणायचा.

पारा वीसवर

आता पुन्हा बेरीज. भिंती, छप्पर, दार तसेच. तळ ११.८ वरून ४.७, खिडक्या २१ वरून १३.२, फटी १२.५ वरून ३.८, आणि नव्या वायुवीजनाचे ४.५. एकूण ६०.५ वॅट दर अंशाला. तोच दीड किलोवॅटचा हीटर, तीच दोन माणसं, तीच उपकरणं: १,८५० भागिले ६०.५, म्हणजे ३० अंशांहून थोडं जास्त. बाहेर उणे १० असताना आत वीस. हीटर बदलावा लागला नाही, आणि हवा आधीपेक्षा जास्त ताजी आहे. बाहेर ० असतानाच्या सरासरी दिवशी विजेचा खर्च आधी ३० किलोवॅट-तासांचा होता, आता २१ च्या आत.

रात्री हीटर पूर्ण बंद करून वीज वाचवण्याचा मोह आवरलेला बरा. लाकडी घर हलकं असतं, उष्णता साठवत नाही, पहाटेपर्यंत भराभर थंड होतं. २० अंशांना ५० टक्के आर्द्रता असलेली हवा १२ अंशांवर ८१ टक्के होते, म्हणजे बुरशीची पातळी. झोपताना १७ ठेवावं. माळ्यावर खालच्यापेक्षा काही अंश जास्तच असतात, त्यामुळे झोपेला ते पुरतं. एक लहान पंखा वरची ऊब हळूहळू खाली ढकलत राहिला तर पाय गार आणि डोकं गरम ही तक्रारही कमी होते.

हीटरच्या प्रकारांवर मात्र फार डोकं शिणवू नये. तेलाचा, सिरॅमिकचा, इन्फ्रारेड, भिंतीवरचा: एक किलोवॅट-तास विजेची एक किलोवॅट-तास उष्णता, कमी नाही, जास्त नाही. फरक आवाजाचा, जागेचा, सुरक्षिततेचा. लांब, बारीक एक्स्टेन्शन केबलवर हीटर चालवू नये, केबल तापते. आणि बाहेरून एकच जोडणी घेतली असेल तर पाणी तापवणं, शेगडी आणि हीटर एकाच वेळी नको. लाकडाच्या शेगडीचा विचार होत असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सरासरी दिवशी या घराला ९०० वॅटही पुरतात आणि लहानात लहान शेगडी दोन-तीन किलोवॅट देते, त्यामुळे अर्ध्या तासात खिडकी उघडावी लागते. दुसरं म्हणजे तिला ज्वलनाची हवा थेट बाहेरून नळीने मिळाली पाहिजे. हवाबंद केलेल्या घरात न्हाणीघराचा पंखा धुराड्यातला धूर उलटा आत ओढू शकतो.

खरी झेप हीट पंपाची, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणाऱ्या यंत्राची. ० अंशांच्या आसपास चांगला हीट पंप एका युनिट विजेत तीनच्या जवळ उष्णता आणतो. २१ किलोवॅट-तासांचे ७ होतात. थंडी वाढली की हे गुणोत्तर घटतं, म्हणून जुना हीटर फेकू नये. निवडताना सगळे जास्तीत जास्त क्षमता विचारतात; या घरासाठी विचारायची ती कमीत कमी क्षमता. सर्वांत लहान यंत्रं बहुधा अडीच किलोवॅटची असतात. ते खाली किती उतरू शकतं, ५०० वॅटपर्यंत की फक्त १,००० पर्यंत, यावर ते संथ चालेल की सतत बंद-चालू होत राहील हे ठरतं. बाहेरचं यंत्र भिंतीवर टांगू नये. हलकी लाकडी भिंत त्याची थरथर घरभर पोचवते. जमिनीवर वेगळ्या चौकटीवर ठेवावं.

भिंती राहिल्या. आतून २५ मिलिमीटर पीआयआर लावला तर ०.५२ चे ०.३२ होतात, दर अंशामागे १० वॅट वाचतात, म्हणजे वरच्या बेरजेतल्या कुठल्याही एका दुरुस्तीहून जास्त. तरी त्या शेवटी ठेवल्या आहेत. आतल्या सगळ्या फळ्या काढाव्या लागतात, वायरी आणि स्विच पुढे आणावे लागतात आणि २.१ मीटरच्या रुंदीतून पाच सेंटिमीटर जातात. हीट पंप बसल्यावर ते १० वॅट सरासरी दिवशी विजेत दीड किलोवॅट-तासांहून थोडेच जास्त उरतात. त्यासाठी राहतं घर उघडावं असं मला वाटत नाही. अपवाद एकच. सुयांचा ओलावामापक घेऊन खिडक्यांखालच्या आणि माळ्यालगतच्या पट्ट्यांत लाकडाचा ओलावा मोजायचा. वर्षानुवर्षं गॅसचा हीटर जळलेल्या घरात हे तपासलंच पाहिजे. आकडा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर फळ्यांना हात लावू नये आणि पुढच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा मोजावं. त्याच्या वर असेल तर तेवढा भाग उघडून, वाळवून, सडलेली पट्टी बदलून मगच फोम लावावा. ओल्या लाकडावर फोम बसवला तर ती ओल आत कोंडली जाते.